पेमगिरीकरांची पुस्तकं

१

पडताळणीच्या आठवड्यात नीलांबरीचं नाक लाल व्हायचं आणि जीभ तिखट. संगमनेरच्या त्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात बत्तीस वर्षं काढली, तरी पुस्तकांच्या धुळीशी तिचं काही जमलं नाही. दर जानेवारीत, दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असतं त्या वेळात, ती दाखल रजिस्टर उघडून बसायची आणि एकेक क्रमांक मोठ्यानं वाचायची. शिपाई मच्छिंद्र शिडीवर चढून ते पुस्तक शोधायचा. सापडलं की ‘हाय’ म्हणायचा, नसलं की ‘न्हाई’. ‘हाय’ला रजिस्टरात लाल टिंब. ‘न्हाई’ला मच्छिंद्रकडे असं बघायचं, जणू पुस्तक त्यानंच खाल्लं.

मच्छिंद्र मूळचा पाथर्डीकडचा. आईबाप कोयते घेऊन दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, हा मात्र दहावी होऊन पंख्याखालच्या नोकरीला लागला होता, त्यामुळे बाईंचं बोलणं तो फारसं मनावर घेत नसे. शिवाय बाई या मार्चअखेर निवृत्त होणार होत्या. म्हणजे ही शेवटचीच पडताळणी.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेतीच्या कपाटाशी तो थबकला.

“बाई, तुमच्या घरातबी कोन कांदे पिकवतं व्हय?”

“आमच्या घरात कुंडीतली तुळस जगत नाही. का रे?”

त्यानं शिडीवरूनच पुस्तक पुढं केलं. ‘कांदाचाळ : बांधणी आणि निगा’. लेखिका, यामिनी पेमगिरीकर.

नीलांबरीनं चष्मा पदरानं पुसून पुन्हा वाचलं. पेमगिरी गाव तालुक्यातलंच, पण पेमगिरीकर आडनाव लावणारं घर एकच. तिच्या आजोबांनी मुलाला शाळेत घालताना भिक्षुकीचं जुनं आडनाव टाकून गावाचं लावलं, तेव्हापासूनचं. तो मुलगा म्हणजे तिचे वडील, नृसिंह मास्तर. मास्तरांना दोन मुलं, नीलांबरी आणि तिच्यामागचा सुश्रुत. मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली होती, सुश्रुतला जाऊन अठ्ठावीस. नीलांबरीनं लग्न केलं नाही. थोडक्यात, पेमगिरीकर म्हणून जगाच्या पाठीवर उरलेली ती एकटी.

“असेल कोणीतरी,” ती म्हणाली. “आडनावाला काय कुंपण घातलंय?”

पुस्तक २०१९ साली दाखल झालेलं. आतल्या पानावर वाचनालयाचा शिक्का होता आणि त्यात जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर. आता हा नवा शिक्का मच्छिंद्रनं गेल्या दिवाळीनंतर करून आणला होता. त्याआधीच्या सगळ्या पुस्तकांवर अहमदनगर. तिनं पानं उलटून पाहिली, जुना शिक्का कुठंच नव्हता. राहिला असेल मारायचा, आणि मग कोणीतरी हौसेनं नवा मारला असेल. तिनं लाल टिंब दिलं आणि पुढचा क्रमांक वाचला.

२

दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत आणखी चार सापडली.

यंत्रांच्या कपाटात ‘डिझेल इंजिनाची घरगुती दुरुस्ती’, केतकी पेमगिरीकर. आरोग्याच्या कपाटात ‘बाळंतिणीचं आणि बाळाचं खाणं’, मृणाल पेमगिरीकर. ‘प्रवरेकाठची पाखरं’, मनवा पेमगिरीकर. आणि शालेय विभागात ‘दहावीची भूमिती, न रडता’, शर्वाणी पेमगिरीकर. कांद्याचा पाखरांशी संबंध नाही, बाळंतिणीचा इंजिनाशी नाही. संबंध एवढाच, की आडनाव एक आणि लिहिणाऱ्या सगळ्या बायका.

मच्छिंद्र भूमितीचं पुस्तक तिथंच उभ्यानं वाचत राहिला. “बाई, हे माझ्या पोरीला न्यू का? लई सोपं करून सांगितलंय. ह्या बाई शिकवायला असत्या तर मीबी पुढं शिकलो असतो.”

“पडताळणी संपल्याशिवाय पुस्तक बाहेर जात नाही,” नीलांबरी म्हणाली. नियम होताच तसा. पण आज तो नियम तिनं जरा घाईनं सांगितला.

मच्छिंद्र चहा आणायला गेला, तेव्हा तिनं रजिस्टरात त्या पाचही नोंदी शोधल्या. पुस्तकावर काहीही छापलेलं असो, रजिस्टरात लेखकाचं नाव पूर्ण लिहायचं, मधलं वडिलांचं नाव गाळायचं नाही, हा दंडक तिचाच. त्यापायी तिनं प्रकाशकांना पत्रं पाठवली होती आणि कार्यकारिणीच्या सभासदांशी वाद घातले होते. नोंदी तिच्याच अक्षरात होत्या. यामिनी सुश्रुत पेमगिरीकर. केतकी सुश्रुत पेमगिरीकर. मृणाल सुश्रुत, मनवा सुश्रुत, शर्वाणी सुश्रुत.

पाखरांच्या पुस्तकाची नोंद २०२०च्या जूनमधली होती. त्या वर्षी करोनापायी वाचनालयाला कुलूप होतं आणि एकही पुस्तक विकत घेतलेलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं रजिस्टर मिटलं. आपलं वय झालंय, विसरायला होतं, असं तिनं स्वतःला बजावलं. सुश्रुत नावाचे बाप महाराष्ट्रात काय कमी असतील? पण पाच लेखिका, पाचही सुश्रुतच्या, पाचही पेमगिरीकर. शाळेत गणितात तिला नेहमी पैकीच्या पैकी मिळायचे, त्यामुळे हे गणित ती स्वतःला फार वेळ चुकीचं शिकवू शकली नाही.

तेवढ्यात आतल्या महिला विभागात पान उलटल्याचा आवाज झाला.

महिला विभाग म्हणजे मागची एक छोटी खोली. कमरेएवढं झुलतं दार, एक टेबल, दोन बाकं. नीलांबरी दारापर्यंत गेली. आत कोणी नव्हतं. खिडकी बंद होती, पंखाही बंद. टेबलावर वाऱ्यानं उलटावं असं एकही पान नव्हतं. बाकाला हात लावून पाहिला, लाकूड गार होतं. तिला बरं वाटलं, आणि बाकाला हात लावून पाहावंसं वाटलं याची लाजही वाटली.

३

सुश्रुत तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे त्याचा भांग पाडणं, पाटीवर हात धरून गिरवून घेणं हे सगळं नीलांबरीनंच केलं. मोठा होऊन तो नेवाशाकडे एका कारखान्याच्या साखरशाळेत शिकवायला गेला. ऊसतोडीला आलेल्या मजुरांच्या मुलांची शाळा, हंगामापुरती. तिथं बालवाडी चालवणारी पंकजा त्याला भेटली. तिचे आईबाप पाथर्डीकडचे, शेजारच्याच फडात ऊस तोडत होते. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि नृसिंह मास्तरांनी घरात जाहीर केलं, की यापुढे या घरात त्याचं नाव निघणार नाही. मास्तरांचा शब्द म्हणजे शब्द. नीलांबरीनं भावाचं नाव घेणं बंद केलं, निदान मोठ्यानं.

वर्षभरानं जानेवारीतल्या एका संध्याकाळी सुश्रुत वाचनालयाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“ताई, मुलगी झाली. रविवारी बारसं आहे. नाव तूच ठेवायचंस, आत्या तू एकच आहेस तिला.”

लोक वाचत बसले होते. “येईन,” ती हळूच म्हणाली.

“कुठलं ठेवणार?”

“ते पाळण्याशीच सांगेन. आधी कळलं तर मजा काय?”

तो हसला आणि गेला. त्याला जाताना पाहिलं ते शेवटचं.

रविवारी सकाळी तिनं पिशवीत अंगडं-टोपडं भरलं. मास्तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “जायचं तर जा. येताना मात्र घराची किल्ली मागू नकोस.” ती स्टँडवर गेली. साडेआठची नेवाशाची गाडी लागली आणि गेली. सव्वादहाची गेली. बाराची गेली. ती बाकावर बसून वाचनालयाच्या मागणी-चिठ्ठीच्या पाठीवर मुलींची नावं लिहीत होती आणि एकेकावर काट मारत होती. शेवटी एक नाव उरलं. तिला ते फार आवडलं. मग तिनं चिठ्ठी फाडली, स्टँडच्या गटारात टाकली आणि घरी गेली. “गाडी चुकली,” एवढंच वडिलांना सांगितलं. स्टँडवर चार तास बसल्याचं तिनं कधीच कोणाला सांगितलं नाही.

तिकडे दिवेलागणीपर्यंत पाळणा सजवून सगळे थांबले होते. दुसऱ्या कोणी नाव ठेवायला सुश्रुत तयार होईना. दुसऱ्या दिवशी पहाटे तो, पंकजा आणि बाळ एका ओळखीच्याच्या जीपमधून संगमनेरला निघाले. ताईची तब्येत बिघडली असेल, तिच्याकडे जाऊनच नाव ठेवून घेऊ, असं तो म्हणाला होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. तिला ना दिवा, ना लाल फडकं.

पंचनाम्याचा कागद नीलांबरीनंच वाचला. स्त्री जातीचं अर्भक, वय तेरा दिवस. नाव, आणि पुढं एक आडवी रेघ. ती रेघ आपण मारली, दुसऱ्या कोणी नाही, हे तिला त्या दिवशी कळलं आणि नंतर एक दिवसही ती ते विसरली नाही.

४

पाचवा दिवस. मच्छिंद्रला तिनं बँकेच्या कामाला पाठवलं आणि पाचही पुस्तकं टेबलावर मांडली. प्रकाशकाचं नाव एकावरही नव्हतं. मग तिनं जे इतके दिवस टाळलं होतं ते केलं, लेखिकांची मनोगतं उघडली.

कांदाचाळीच्या पुस्तकात लिहिलं होतं, ‘माझं नाव आत्यानं ठेवलं. ती साडेआठच्या गाडीनं आली होती. तिनंच मला शेताचं वेड लावलं.’

इंजिनाच्या पुस्तकात, ‘आत्या सव्वादहाच्या गाडीनं आली, ती वाटेत बंद पडली. पुढं आयुष्यभर मी आत्याला चिडवायचे, की तुझ्या त्या गाडीपायी मी इंजिनात शिरले.’

पाखरांच्या पुस्तकात, ‘आत्या बाराच्या गाडीनं आली. ती येत नाही असं सगळे म्हणत होते. बाबा एकटे म्हणत होते, येईल.’

बाळंतिणीच्या पुस्तकात आत्या तिन्हीसांजेला कोणाच्या तरी दुधाच्या टेम्पोतून आली होती आणि तिच्या साडीला दुधाचा वास येत होता.

भूमितीचं पुस्तक तिनं शेवटी उघडलं. ‘आत्या बारशाला आलीच नाही. ती दुसऱ्या दिवशी पहाटे आली. आम्ही जीपमध्ये बसत होतो. बाबांनी जीप परत पाठवली.’

नीलांबरीनं पुस्तक छातीशी धरलं आणि रडली. इतकी वर्षं ती पश्चात्ताप करत आली होती तो एका गोष्टीचा. इथं पाच गोष्टी होत्या. पाच वेळा ती पोहोचली असती. अगदी दुसऱ्या दिवशी पहाटेसुद्धा चाललं असतं, एवढी सवड देवानं दिली होती आणि ती घरी झोपून राहिली.

रडणं ओसरल्यावर मात्र तिनं मनोगतं पुन्हा वाचली. कोणी चेष्टा केली म्हणावं, तर साडेआठ, सव्वादहा आणि बारा या वेळा त्याला कुणी सांगितल्या? त्या बाकावर ती एकटीच होती.

आत, महिला विभागात, कोणीतरी बाकावर जरा सरकून बसलं.

ती आत पाहायला गेली नाही. मच्छिंद्र येईपर्यंत बाहेर पायरीवर उन्हात बसून राहिली. तो आल्यावर तिनं विचारलं, “तुमच्याकडे कडूबाई म्हणून आहेत का कोणी? त्यांची मुलगी पंकजा, अपघातात गेली.”

“कडूबाई? आमच्या शेजारच्याच वाडीत ऱ्हाती म्हातारी. का वो?”

“भेटायचंय,” नीलांबरी म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत हे तिला सुचलं नव्हतं, असं नाही. धीर झाला नव्हता.

५

रविवारी ती गेली, तेव्हा वाडी अर्धी रिकामी होती. हंगाम चालू, त्यामुळे हातपाय धड असलेली सगळी माणसं कारखान्यांकडे गेलेली आणि मागं म्हातारी, शेळ्या आणि कुलपं. पत्र्याच्या घरापुढं कडूबाई सुपात बाजरी पाखडत बसली होती. नीलांबरी नाव सांगायला लागली, तर तिनं हात वर केला.

“वळखलं म्या. नाक जावयाचं हाय. बसा.”

नीलांबरी जमिनीवरच बसली. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरली. “मावशी, मी त्या दिवशी स्टँडवर आले होते. गाडीत बसले नाही.”

कडूबाईचं सूप थांबलं. मग पुन्हा चालू झालं. “राग हुता. लई वर्सं हुता. आता तोंडात दात न्हाईत, राग कशानं चावायचा?”

 शेळी येऊन सुपात तोंड घालायला लागली, तिला कडूबाईनं एक शिवी हासडली. त्या शिवीनं नीलांबरीला उगीचच थोडा आधार वाटला.

“पंकीच्या नावानं रडले,” कडूबाई म्हणाली. “जावयाच्या नावानं रडले. पर त्या लेकराच्या नावानं कसं रडू, ताई? नावच न्हाई. ‘बाळे गं’ म्हनावं तर गावातली समदी बाळं डोळ्याम्होरं येत्यात. तिचं एकटीचं रडू हितं अडकून बसलंय.” तिनं गळ्याला हात लावला. “तुमी नाव ठरवलं आसंल ना? जावई म्हनायचा, ताईनं ठरवलं आसनार. कोनतं वो?”

नीलांबरीनं तोंड उघडलं.

चिठ्ठी डोळ्यांपुढं होती. शाई निळी होती. काट मारलेली नावं एकेक करून आठवत होती, यामिनी, केतकी, मनवा, मृणाल, शर्वाणी. त्यांच्याखाली ते एक, काट न मारलेलं, तिला फार आवडलेलं. त्याच्या जागी नुसतं पाणी होतं. तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. नाव नव्हतं.

“फोन करून सांगते, मावशी,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

“सांगा. म्या जिती हाय तवर सांगा, म्हंजी झालं.” कडूबाईनं घरातून मोबाईल आणला आणि त्याच्या पाठीवर चिकटवलेला नंबर दाखवला.

६

सोमवारी बारा वाजता तिनं मच्छिंद्रला सुट्टी दिली, दार आतून लावून घेतलं आणि अडसर घातला. ते नाव समोर आलं की आपण ओळखू, एवढी तिला खात्री होती. सहावं पुस्तक असणारच. काट न मारलेल्या नावाचं. ते मिळालं की कडूबाईला फोन, आणि मग रजिस्टर मिटून मार्चपर्यंत गप्प बसायचं.

तिनं रजिस्टरं मागून पुढं वाचली. तिच्या नोकरीच्या आधीची, मोडीतून नुकत्याच सुटलेल्या अक्षरांची सुद्धा. सहावी पेमगिरीकर सापडेना. दोन वाजून गेले. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला आणि रस्ता पुन्हा शांत झाला. शेवटी चालू रजिस्टराचं शेवटचं पान उघडलं. शनिवारी तिथं अर्धं पान कोरं होतं.

आता कोऱ्या भागात एक ओळ होती. आजची तारीख. पुढचा दाखल क्रमांक. पुस्तकाच्या नावाचा रकाना रिकामा. लेखकाच्या रकान्यात एक आडवी रेघ, आणि तिच्यापुढं, सुश्रुत पेमगिरीकर. अक्षर नीलांबरीचं. तिनं रेघेवर बोट ठेवलं. शाई बोटाला लागली.

महिला विभागात पान उलटलं.

अडसर तिनं स्वतः घातला होता. बाराच्या आधी तिनं आतली खोलीही पाहिली होती. पाहिली होती ना? एखादी सभासद वाचता वाचता राहून गेली असेल. असं होतं कधीकधी, मागच्या उन्हाळ्यात झालं होतं. आत जायचं आणि म्हणायचं, बाई, वाचनालय बंद आहे, चारला या. बत्तीस वर्षं हेच तर म्हणत आले. नीलांबरी हे वाक्य मनात घोळवत झुलत्या दारापर्यंत गेली.

बाकावर तिच्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीसची. केस एका खांद्यावरून पुढं घेतलेले, त्यामुळे उजवा कान उघडा. कानामागं केसांचा एक झुबका उभा राहिलेला. तो झुबका नीलांबरीनं पाणी लावलावून कितीतरी सकाळी बसवला होता, तिच्या भावाच्या डोक्यावर. टेबलावर पुस्तक नव्हतं. बाईचे दोन्ही हात मांडीत होते आणि ती कशाची तरी वाट पाहत होती.

खोलीत बाळंतशेपांच्या धुरीचा वास होता.

 नीलांबरीला पळावं असं वाटलं, आणि पळाले तर ही गाडीही गेली, असंही वाटलं. दुसरं वाटणं जास्त जोराचं होतं. ती आत गेली. बाईनं मान वळवली नाही. फक्त किंचित तिरकी केली आणि कान वर केला, उभ्या माणसाला कानात नीट बोलता यावं म्हणून करतात तसा.

नीलांबरी वाकली. ओठ कानाशी नेले. बारशाला म्हणतात ते आपोआप तोंडी आलं.

“कुर्रर्र...”

आणि तिच्या पाठीवर थाप पडली.

नाव सांगताना आत्याच्या पाठीवर बायका थापा मारतात, तशीच. हलकी. मग दुसरी, मग तिसरी. नीलांबरीनं मागं पाहिलं नाही. एका हातात बांगड्या होत्या आणि तळवा राकट होता. एक हात मोठा होता, पुरुषाचा, बारशाला बायकांच्या घोळक्यात घुसलेला, आणि तो हात तिला माहीत होता. तो हातात धरून तिनं त्याच्याकडून ‘श्री’ गिरवून घेतला होता. थापा वाढत गेल्या. चेष्टेच्या होत्या, मग घाईच्या झाल्या, मग त्यांत चेष्टा राहिली नाही. तिचा श्वास प्रत्येक थापेसरशी निम्मा बाहेर पडत होता आणि ती डोक्यात सगळीकडे ते नाव शोधत होती, गटारात, स्टँडवर, चिठ्ठीच्या तुकड्यांत. शेवटच्या थापेला तिच्या तोंडातून जे नाव बाहेर पडलं, ते तिथं कायमचंच होतं.

“नीलांबरी.”

थापा थांबल्या.

तिला परत घ्यायचं होतं. हे नाही, चुकलं, जरा थांब, असं म्हणायचं होतं. पण बाकावरच्या बाईनं मान थोडी वळवली होती. गालाची कड दिसली आणि ओठांचा कोपरा. ते ओठ आवाज न करता हलत होते. नाव म्हणून बघत होते.

नीलांबरी पाय मागं टाकत, भिंत चाचपत बाहेरच्या टेबलापर्यंत आली. रजिस्टर उघडंच होतं. त्या ओळीत रेघ उरली नव्हती.

७

कडूबाईनं फोन पहिल्याच घंटीला उचलला, जणू तो हातातच धरून बसली होती.

“मावशी, नाव सांगते.”

“सांगा.”

“नीलांबरी.”

पलीकडे शेळी ओरडली. “तुमचंच न्हवं हे?”

“हो. माझं... मला दुसरं आठवलंच नाही, मावशी. मी फार शोधलं. मला माफ करा.”

“माफ कशाला? चांगलं हाय. लांबलचक हाय. रडायला पुरंल.” कडूबाईनं एकदा श्वास घेतला. मग म्हातारीच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला, की नीलांबरीनं फोन कानापासून लांब धरला आणि पुन्हा जवळ आणला.

“नीलांबरे गंऽ, माझे बाई गंऽ... तुला म्या मांडीवर घेतली न्हाई गं... तुला साळंत धाडली न्हाई गं... तुझ्या लग्नात म्या नाचले न्हाई गं, नीलांबरेऽ...”

नीलांबरी उभीच होती. हे सगळं त्या लेकराचं होतं, तेरा दिवसांच्या. तिला ठाऊक होतं. तरी प्रत्येक हाक येऊन तिलाच लागत होती. तिच्यामागं तिच्या नावानं रडणारं कोणी नव्हतं, हे तिनं कधीच मान्य करून टाकलं होतं. आता कोणीतरी रडत होतं, पोटातून, अठ्ठावीस वर्षांचं साठलेलं, आणि ती जिवंतपणी ते ऐकत होती. तिला फार वाईट वाटलं. ते कोणासाठी वाटतंय, हे मात्र तिला नक्की सांगता आलं नसतं. ती एकदा सव्वादहाच्या गाडीत बसली असती, तर ह्या बाईला आज रडावं लागलं नसतं.

“कुठं गेलीस गंऽ... एकदा तरी ओ दे गं, नीलांबरेऽ...”

अठ्ठावन्न वर्षांची सवय. हाक आली की ओ द्यायची. नीलांबरीचं तोंड आपोआप उघडलं. पण आवाज निघाला नाही. जिभेवर काहीच नव्हतं, त्या चिठ्ठीवरच्या जागेसारखं.

“ओ,” आतून, महिला विभागातून, उत्तर आलं. मोकळं, तरुण, जवळच बसलेल्या माणसानं द्यावं तसं.

फोनवरचं रडणं एकदम थांबलं.